मोठ्या पावलांसाठी स्नोबोर्ड: आधी रुंदी, मग लांबी

बर्फावरच्या खेळांबद्दल आपण बोलतो आहोत. आजचा विषय थोड्यांचा आहे, पण त्या थोड्यांना तो फार छळतो. ज्यांचे पाऊल मोठे आहे, म्हणजे दहा नंबर किंवा त्याहून मोठा बूट लागतो, आणि ज्यांना स्नोबोर्डवर वेगाने, जोरकसपणे उतरायचे आहे, त्यांनी बोर्ड कसा निवडावा?

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. स्नोबोर्डच्या बाबतीत ती उलटी करायची. पाय पाहून अंथरूण घ्यायचे. पाय काही कापता येत नाहीत.

आधी फ्रीराइड म्हणजे काय ते सांगतो. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर घसरणे वेगळे. डोंगराच्या नैसर्गिक उतारावर, जिथे भुसभुशीत बर्फ, वाऱ्याने कडक झालेला बर्फ, झाडे, खडक, घळी असे सगळे एकाच उतरणीत भेटते, तिथे उतरणे म्हणजे फ्रीराइड. भारतात याचे सर्वांत मोठे ठिकाण गुलमर्ग. तिथला रोपवे, ज्याला सगळे गोंडोला म्हणतात, दोन टप्प्यांत कोंगदूरीमार्गे अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९८० मीटरपर्यंत नेतो. वरून खालच्या गावापर्यंत सुमारे १,३०० मीटरची उतरण मिळते. एवढ्या उतरणीत बर्फ तीन-चार वेळा रूप बदलतो. वर वाऱ्याने घट्ट केलेला, मध्ये मऊ, खाली झाडांत जड. एकाच बोर्डने हे सगळे निभवायचे असते.

आता मूळ प्रश्न. मोठ्या पावलाने नेमके बिघडते काय?

स्नोबोर्डवर आपण आडवे उभे राहतो. बोर्डला दोन धारा असतात, एक बोटांकडची आणि एक टाचेकडची. वळायचे म्हणजे बोर्ड एका धारेवर कलवायचा. बूट बोर्डच्या रुंदीपेक्षा लांब असतो, त्यामुळे बुटाचा पुढचा आणि मागचा भाग धारेच्या बाहेर थोडा डोकावतो. थोडा डोकावला तर हरकत नाही, उलट धारेवर जोर द्यायला तो उपयोगी पडतो. पण जास्त बाहेर आला, तर बोर्ड कलवताना धारेच्या आधी बूटच बर्फाला टेकतो. बूट टेकला की तो तरफेसारखा धारेला बर्फातून वर उचलतो. धार सुटली की माणूस पडला. सपाट उतारावर हसून उठता येते. खाली झाडे किंवा कडा असेल तर हसायचे काम नाही.

इथे वेगाचा संबंध येतो, तो आकड्यांत पाहू. समजा २० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाला तोल सांभाळण्यासाठी साधारण २० अंश कलावे लागते. तेच वळण ताशी ५० किलोमीटरने घेतले, तर कल जवळजवळ ४५ अंशांवर जातो. वेग दीडपटीच्या थोडा पुढे गेला आणि कल दुपटीहून जास्त झाला. म्हणूनच हळू शिकणाऱ्याला अरुंद बोर्डवर काही जाणवत नाही. तो म्हणतो, "माझा अकरा नंबर आहे, पण साधा बोर्ड छान चालतो." वेग वाढेपर्यंत चालतोच.

आता बुटाकडे पाहू. समजा पाऊल ३० सेंटीमीटर आहे. साध्या बांधणीच्या बुटाची बाहेरची लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर भरते. बोर्डची जाडी आणि बाइंडिंगचा तळ मिळून बुटाचा तळवा बर्फापासून अडीचेक सेंटीमीटर वर असतो. मागचा पाय जवळजवळ आडवा असतो, म्हणून खरी अडचण त्याचीच. तीन जोड्या करून बघा.

साधा बोर्ड, पायाखाली रुंदी २६.२ सेंटीमीटर, बूट ३३ चा. दोन्ही बाजूंना सुमारे ३.३ सेंटीमीटर बूट बाहेर. ३७ अंशांच्या आसपास बूट टेकतो.

रुंद बोर्ड, पायाखाली २७.५, बूट तोच. बाहेर सुमारे २.७. मर्यादा ४३ अंश.

रुंद बोर्ड तोच, पण आखूड बांधणीचा बूट, बाहेरून ३१.५. बाहेर फक्त १.९. मर्यादा ५३ अंश.

बुटाचा पुढचा भाग थोडा उचललेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात काही अंशांची सवलत मिळते. पण धार बर्फात रुतते, तेव्हा तीच सवलत परतही जाते. म्हणून आकडे अंदाजाचे समजा. त्यातला धडा मात्र पक्का आहे. ४५ अंशांचे वळण पहिल्या जोडीत बसत नाही, तिसरीत आरामात बसते. पाऊल तिन्ही वेळा तेच आहे. फरक बोर्डच्या रुंदीचा आणि बुटाच्या बांधणीचा आहे.

आता क्रमाने निवड करू.

पहिले काम, पाऊल मोजणे. रोजच्या बुटाचा नंबर विसरा. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, जो मोजा घालणार तोच घालून, टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन टाकून उभे राहा. सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा तो खरा. स्नोबोर्डच्या बुटावर हेच माप लिहिलेले असते, त्याला मोंडो म्हणतात. ढोबळमानाने २९ सेंटीमीटर म्हणजे आपल्याकडे चालणारा ब्रिटिश पद्धतीचा १० नंबर, ३० म्हणजे ११, ३१ म्हणजे १२. अमेरिकी नंबर यापेक्षा एकाने जास्त असतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवताना इथेच घोटाळा होतो.

दुसरे काम, बूट. बोर्डच्या आधी बूट घ्या. बूट घट्ट हवा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलता कामा नये. आतले अस्तर काही दिवसांत दबते आणि बूट सैल होतो. म्हणून "एक नंबर मोठा असू दे, दोन मोजे घालू" हा विचार सोडा. मोठ्या पावलाच्या माणसाला तो दुप्पट महाग पडतो, कारण बूट आणखी बाहेर येतो. बाहेरून आखूड बांधलेला बूट मागून घ्या आणि दुकानात टेपने त्याची बाहेरची लांबी मोजा. त्याच मोंडोच्या दोन बुटांत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक निघू शकतो. आपल्या हिशोबात तो दहा अंशांचा आहे.

तिसरे काम, बोर्डची रुंदी. बोर्डच्या माहितीत कमरेची रुंदी दिलेली असते, म्हणजे मधली, सर्वांत अरुंद जागा. पुरुषांच्या साध्या बोर्डची कंबर साधारण २५० ते २५७ मिलिमीटर. २६० च्या पुढे रुंद, २७० च्या आसपास अतिरुंद. रुंद बोर्डच्या लांबीपुढे बहुधा इंग्रजी डब्ल्यू लिहिलेला असतो. पण आपण कमरेवर उभे राहत नाही. बाइंडिंगचे स्क्रू जिथे बसतात तिथे उभे राहतो, आणि तिथे बोर्ड कमरेपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्त रुंद असतो. म्हणून ती रुंदी मोजा. २९ सेंटीमीटर पावलाला कंबर २६० च्या पुढे, ३० ला २६४ च्या पुढे, ३१ आणि त्यावर २७० च्या आसपास, असा माझा ठोकताळा आहे.

दुकानात एक सोपी परीक्षा करा. अनवाणी, स्क्रूच्या भोकांवर, नेहमीच्या कोनात उभे राहा. टाच आणि बोटे दोन्ही धारांपर्यंत पोचली पाहिजेत, फार तर सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर बाहेर. अनवाणी पायच दोन सेंटीमीटर बाहेर येत असेल तर बोर्ड अरुंद आहे. पाय धारेच्या आतच राहत असेल तर बोर्ड गरजेपेक्षा रुंद आहे. असा बोर्ड एका धारेवरून दुसऱ्या धारेवर न्यायला उशीर लागतो, आणि झाडांतून जाताना तो उशीर नडतो. रुंदी पुरेशी हवी, अघळपघळ नको.

चौथे काम, बाइंडिंग. काही जण म्हणतात, रुंद बोर्ड नको, पायाचा कोन वाढवू. हिशोब करा. ३३ सेंटीमीटरचा बूट १५ अंश फिरवला तर फक्त १.१ सेंटीमीटर वाचतात, तेही दोन्ही बाजू मिळून. पुढचा पाय १८ ते २४ अंशांवर असतोच, पण मागचा पाय उगाच फिरवला तर गुडघा तक्रार करतो. कोन शरीराला सोसेल तो ठेवा, रुंदीची भरपाई त्यातून काढू नका. बूट मात्र बरोबर मध्यावर बसवा. पुढे जेवढा बाहेर, तेवढाच मागे. बाइंडिंगच्या मधल्या तबकडीतल्या खाचा आणि टाचेची पट्टी सरकवून हे जमते. दहा मिनिटांचे काम आहे, पण बरेच जण करत नाहीत, मग एकाच बाजूच्या वळणाला का पडतो ते कळत नाही.

पाचवे काम, लांबी. बोर्ड हनुवटीला लागतो की नाकाला, हे बघू नका. बोर्डला तुमची उंची कळत नाही, वजन कळते. कंपनीचा वजनाचा तक्ता पाहा आणि त्यात कपडे, बूट आणि पाठीवरची पिशवी धरा. वेगवान फ्रीराइडसाठी तक्त्यातल्या वरच्या बाजूची लांबी घ्या. ८५ ते ९५ किलोच्या माणसाला १६२ ते १६६ सेंटीमीटरचा रुंद बोर्ड साधारण योग्य. मऊ बर्फावर तरंगणे एकूण क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि रुंदीने ते आधीच वाढलेले असते. म्हणून पाय मोठा आहे एवढ्यासाठी लांबी आणखी वाढवू नका.

आकार आणि कडकपणा थोडक्यात. बोर्डला ठरलेली दिशा असावी, म्हणजे नाक लांब, शेपूट आखूड आणि किंचित अरुंद. पाय मध्यापासून थोडे मागे. पायाखाली कमान हवी, तीच वेगात धार बर्फावर दाबून ठेवते. नाकाकडे बोर्ड वर उचललेला हवा, म्हणजे मऊ बर्फात बुडत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत नुसता केळ्यासारखा वाकलेला बोर्ड या कामाचा नाही. कडकपणा दहापैकी सात-आठ. पण प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, तेव्हा हाताने वाकवून आणि पिळूनही पाहा. रुंद बोर्ड धारेवर आणायला जास्त जोर लागतो, म्हणून तो पिळताना अगदी लिबलिबीत असेल तर वेगात थरथरतो.

भाड्याने घेणार असाल तर निघण्यापूर्वी दुकानदाराला फोन करून सेंटीमीटरमधले माप सांगा आणि रुंद बोर्ड आहे का ते विचारा. "आहे, आहे" या उत्तरावर थांबू नका, कमरेची रुंदी विचारा. मोठ्या मापाचा बूट ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका, जमेल तर स्वतःचा बूट न्या. बोर्ड भाड्याचा चालतो, बूट स्वतःचा बरा.

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याही बोर्डपेक्षा मोठी आहे. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलन होते. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे आपले जवान त्यात गेले. २०२३ आणि २०२४ च्या हिवाळ्यांत परदेशी स्कीअर गेले. ही सगळी तयारीची माणसे होती. चांगला बोर्ड तुम्हाला वेग देतो, उताराची माहिती देत नाही. त्या दिवशीचा इशारा वाचा, गस्ती पथकाने बंद केलेल्या उतारावर जाऊ नका, ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे जवळ ठेवा आणि ते वापरण्याचा सराव आधी करा. एकटे जाऊ नका.

तर क्रम लक्षात ठेवा. पाऊल मोजा, बूट घ्या, रुंदी ठरवा, बाइंडिंग मध्यावर बसवा, मग वजनावरून लांबी. बहुतेक लोक लांबी आणि रंगापासून सुरुवात करतात आणि रुंदीपाशी कधी पोचतच नाहीत. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करा.

पुढच्या भागात ट्रान्सीव्हर कसा वापरायचा ते सविस्तर पाहू. तोपर्यंत सांभाळून राहा. जय हिंद.