गाडी विकली, पण नाव सुटले नाही

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर घरी येऊन हातपाय धूत होतो, तोच आमच्या वस्तीतले एक काका दारात आले. कोळसा खाणीत पस्तीस वर्षे घाम गाळून निवृत्त झालेला माणूस. कधी कोणाचे दोन पैसे बुडवले नाहीत, कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. 'जयभीम' म्हणून खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, ज्याले गाडी विकली तो व्यापारी म्हनते, गाडी वापस ने अन् पैसे आनून दे. नाही तं पोलिसात देतो म्हनते. मले काही सुचून नाही राह्यलं." मागे काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत सगळे कागद होते.

घडले ते असे. काकांनी फंडाच्या पैशातून एक जुनी व्हॅन घेतली होती. लग्नकार्य, दवाखाना, सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी, सगळीकडे ती व्हॅन जायची. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची वेळ आली, तेव्हा काकांनी ती विकायला काढली. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक व्यापारी आपला मेकॅनिक घेऊन घरी आला. बॉनेट उघडले, ऑइल पाहिले, खाली वाकून चेसिस पाहिली, मूलच्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. तासभर तपासणी चालली. क्लचप्लेट बदलली आहे, थंडीत गाडी उशिरा सुरू होते, हे काकांनी न विचारता सांगितले.

सौदा १ लाख ४० हजारांत ठरला. ६० हजार रोख आणि ८० हजारांचा चेक. व्यापाऱ्याने साध्या कागदावर लिहून दिले, 'गाडी पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली.' काकांनी आरसी बुक आणि दोन्ही चाव्या दिल्या. त्याने पुढे केलेल्या आरटीओच्या फॉर्मांवर, मधल्या जागा कोऱ्या असतानाच, सह्या करून दिल्या. रोख पैसे दुसऱ्याच दिवशी कॉलेजात भरले.

नवव्या दिवशी चेक परत आला. बँकेच्या चिठ्ठीवर कारण होते, खातेदाराने पैसे थांबवले. अकराव्या दिवशी फोन आला, "इंजिन ऑइल खाते. तुम्ही फसवले. साठ हजार आणून द्या, गाडी घेऊन जा."

काकू एवढेच म्हणाल्या, "पोरीची फी आता वापस मागाले जाऊ का?"

सौदा मोडता येतो का?

मी बी.कॉम.ला असताना व्यापारी कायदा हा विषय होता. हाच विषय बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला होता. देण्याघेण्याचा कायदा ज्याला कळतो त्याला बाजारात कोणी सहज दटावू शकत नाही. आपल्या घरांत मात्र नोकरीचे नियम माहीत असतात आणि सौद्याचा कायदा माहीत नसतो. व्यापारी नेमका त्याचाच फायदा घेतो.

वस्तू विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्यात सौदा तोंडीसुद्धा होऊ शकतो. किंमत ठरली, पैसे घेतले, गाडी ताब्यात दिली, म्हणजे विक्री झाली. एका बाजूला नंतर पश्चात्ताप झाला म्हणून ती आपोआप मोडत नाही. याच कायद्याच्या १६ व्या कलमात सांगितले आहे की, काही अपवाद सोडले तर, मालाच्या दर्जाची हमी विकणाऱ्याने न बोलता दिली आहे असे धरले जात नाही. विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. इथे तर घेणारा या धंद्यातला, सोबत त्याचा मेकॅनिक, आणि विकणारा एक निवृत्त कामगार. गाडीतले कोणाला जास्त कळत होते, हे वेगळे सांगायला नको.

मग विकणारा कधी अडकतो? तो खोटे बोलला तर. मीटर मागे फिरवले, अपघातात वाकलेली गाडी रंग देऊन लपवली, चोरीची किंवा कर्जाची गाडी मोकळी म्हणून विकली, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ती फसवणूक होते आणि घेणारा सौदा रद्द करू शकतो. खोटे बोलू नये हे आपण शीलात रोज म्हणतो. व्यवहारातही तेच कामी येते. काकांनी दोष स्वतःहून सांगितले होते, म्हणून त्यांना घाबरायचे कारण नव्हते. पोलिसांचा धाक हा नुसताच धाक होता. खोटेपणा नसताना जुनी गाडी नंतर बिघडली, एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

उलट पैसे थांबवणारा व्यापारीच अडचणीत होता. चेक न वटणे हा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'पैसे थांबवा' असे बँकेला कळवून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितले आहे. मात्र मुदत पाळावी लागते. बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. 'देईन, देईन' या शब्दावर महिना घालवला की हातची संधी जाते.

खरी भीती वेगळीच होती

हे सगळे समजावल्यावर काकांच्या चेहऱ्यावर थोडे पाणी आले. पण मी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला आणि मलाच काळजी वाटली. आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून अजून काकाच होते. गाडी व्यापाऱ्याकडे, कागद व्यापाऱ्याकडे, कोऱ्या फॉर्मांवर काकांच्या सह्या, आणि ती गाडी त्या क्षणी कुठे फिरत होती हे आम्हाला ठाऊक नव्हते.

वाचकहो, आपल्या भागात ही साधी गोष्ट नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. वैनगंगा ओलांडून कोणी त्या गाडीतून दारू नेली आणि ती पकडली गेली, किंवा जंगलातून सागवान नेताना वनखात्याने ती जप्त केली, तर पहिली चौकशी कोणाच्या दारात येणार? ज्याचे नाव आरसीवर आहे त्याच्या. 'मी तर विकली होती' हे सिद्ध करत त्यालाच फिरावे लागते.

अपघात झाला तर आणखी कठीण. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्यातली मोटार २००७ साली विकली गेली होती आणि पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. नाव मात्र कोणीच बदलले नाही. २००९ साली तिच्या अपघातात एकाचा जीव गेला. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या मूळ मालकालाच न्यायालयाने भरपाईसाठी जबाबदार धरले. अपघातात ज्याचे माणूस गेले त्याने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. तो न्याय्यच आहे. म्हणून नाव काढून घेण्याची काळजी विकणाऱ्यानेच घ्यायची.

पुढे काय केले

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून काकांसोबत जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. ही सोय असूनही आपले लोक हातउसने काढून वकिलाची फी भरतात. ग्राहक आयोगात जावे असेही कोणी सुचवले होते. पण काका माल विकणारे होते, घेणारे नव्हते, म्हणून तो रस्ता इथे लागू नव्हता.

वकीलसाहेबांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. व्यापाऱ्याने लिहून दिलेल्या त्या साध्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडली. गाडी विकल्याची सूचना आरटीओत देऊन तिची पोच घेतली. नोटीस पोचल्यावर बाराव्या दिवशी व्यापारी स्वतः तडजोडीला आला. आवाज उतरला होता. समोरासमोर बसून ७५ हजारांवर मिटले. रक्कम दोन डिमांड ड्राफ्टने मिळाली आणि महिन्याच्या आत गाडीवरचे काकांचे नाव निघाले. पाच हजार सोडले ते काकांच्या मर्जीने. "कोर्टात फेऱ्या मारन्यापेक्षा हेच बरं," म्हणाले. कायदा पूर्ण ८० हजार मागू देत होता. पण म्हाताऱ्या माणसाच्या फेऱ्यांचीही किंमत असते, म्हणून मी आग्रह केला नाही.

विकण्याआधी एवढे करा

पैसे पूर्ण खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी आणि आरसी देऊ नका. बँकेचे कर्ज असेल तर आधी फेडून फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्या.

सौद्याचा कागद करा. तारीख, वेळ, मीटरवरचा आकडा, किंमत, गाडीचे माहीत असलेले दोष आणि 'तपासून, आहे त्या स्थितीत घेतली' हे शब्द त्यात असू द्या. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

कोऱ्या फॉर्मवर सही कधीही करू नका. विक्रीची सूचना फॉर्म २९ वर, आपल्याच राज्यात गाडी विकली असेल तर १४ दिवसांत, आरटीओला द्यायची हे विकणाऱ्याचे काम आहे. गाडी तेलंगणात किंवा छत्तीसगडात जाणार असेल तर ४५ दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्राची कारवाई करावी लागते. घेणाऱ्याने आपले नाव लावायला ३० दिवस असतात. त्यानंतर नोंद बदलली की नाही हे स्वतः पाहा.

व्यापाऱ्याला विकत असाल तर आणखी एक प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राचा नियम लागू आहे. असा अधिकृत व्यापारी आणि मालक मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरतात. तो भरला की नाव बदलेपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो आणि त्या काळात गाडीने जे घडेल त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. "अधिकारपत्र दाखवा, २९सी भरा," एवढे दोन शब्द बोलायला लाजू नका. जो टाळाटाळ करील त्याला गाडी देऊ नका.

काकांची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा शेजारच्या एकाने मोटारसायकल विकायला काढली, तर व्यापारी दारात असतानाच काका तिथे जाऊन बसले. त्याने फॉर्म पुढे करताच काकांनी तो उचलला, चष्मा लावला आणि म्हणाले, "आधी हे सारं भर बापा. मंग सही."