काढ्याने मन हलकं होतं का?

हुबळीच्या कमरीपेठेत लेक बाळंतपणाला माहेरी आली की सुंठ, ओवा आणि बाळंतशोपांचे डबे फळीवरून खाली येतात. अंटिन उंडीसाठी, म्हणजे डिंकाच्या लाडवांसाठी, डिंक तळला जातो, अळीव भिजत पडतात. ही पेठ सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजे पट्टेगार मंडळींची जुनी वस्ती. आसपास मराठी आणि कानडी घरं. दारागणिक भाषा बदलते, काढ्याची रीत मात्र फारशी बदलत नाही. धने-जिरे कोरडे भाजून भरड कुटायचे, त्यात सुंठेचा तुकडा, चार मिरी आणि गूळ घालायचा, पाणी निम्म्यावर आलं की गाळून कोमट करून ओल्या बाळंतिणीच्या हाती द्यायचं. याला कुणी कषाय म्हणतं, कुणी काढा. काही घरांत औषधाच्या दुकानातल्या बाळंतकाढ्याच्या नंबर 1, 2, 3 अशा बाटल्या ओळीने संपतात, काहींत दशमूलारिष्ट चालू होतं.

हे कशासाठी, असं घरातल्या आज्जींना विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: अंगावर दूध यावं, कंबर धरू नये, वात होऊ नये. या यादीत मनाचं नाव सहसा नसतं. ती कसर आता बाजाराने भरून काढली आहे. कॅमोमाइल, लॅव्हेंडर, बडीशेप, शतावरी घातलेली ‘नव्या आईसाठी खास चहा’ची पाकिटं मोबाइलवर बोट ठेवलं की घरपोच येतात आणि मन शांत करायची हमी देतात. या हमीत तथ्य किती, हे तपासायला हवं.

आधी बाळंतिणीच्या शरीरात काय घडतं ते पाहू. गरोदरपणात वार इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं भरमसाट तयार करते. प्रसूतीनंतर वार पडते आणि काही दिवसांतच ही पातळी कोसळते. प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं एक रसायन तयार होतं. मेंदूतल्या ‘गाबा’ या शामक व्यवस्थेला ते बळ देतं. प्रोजेस्टेरॉनबरोबर तेही घसरतं. काही स्त्रियांच्या मेंदूला ही घसरण झेपत नाही, असं आजचं विज्ञान मानतं. त्यावरच बेतलेलं ब्रेक्सॅनोलोन हे औषध अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं. ते 60 तास शिरेतून द्यावं लागे. पुढे 2023 मध्ये झुरानोलोन ही 14 दिवस घ्यायची गोळी आली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं, झोप लागत नाही म्हणून आणखी रडू येणं, हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं. डॉक्टर याला बेबी ब्लूज म्हणतात. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. काढ्याचं नाव इथेच होतं. तिसऱ्या दिवशी रडू, बाराव्या दिवशी हसू, आणि मधले सगळे दिवस काढा! काहीही दिलं असतं तरी बारावा दिवस उजाडणारच होता. म्हणून घरगुती अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी पुरावा म्हणून तो अपुरा पडतो. त्यासाठी दोन गट लागतात, एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही.

असे प्रयोग तैवानमध्ये झाले आहेत. तिथेही बाळंतिणीला महिनाभर घरात ठेवून उष्ण पदार्थ खाऊ घालायची रीत आहे, त्यामुळे ते निष्कर्ष आपल्याला अगदीच परके नाहीत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 80 मातांपैकी एका गटाने दोन आठवडे रोज कपभर लॅव्हेंडरचा चहा घेतला. तोही सावकाश, वास घेत घेत. त्यांचा थकवा आणि उदासी दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली, बाळाशी जवळीकही जास्त आढळली. पुढे कॅमोमाइलचा तसाच प्रयोग झाला. झोप नीट न लागणाऱ्या 80 माता, पुन्हा दोनच आठवडे. पुन्हा उदासीचे गुण उतरले, झोपेच्या काही तक्रारीही कमी झाल्या. चौथ्या आठवड्यात मात्र दोन्ही प्रयोगांत दोन्ही गट जवळपास सारखे झाले.

कॅमोमाइलमधलं अ‍ॅपिजेनिन हे द्रव्य प्रयोगशाळेत त्याच गाबा व्यवस्थेवर काम करताना दिसतं, म्हणून या निकालाला थोडा आधार आहे. पण एक गोम आहे. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभालच मिळाली, त्यांच्या हाती दुसरा कुठला ऊन ऊन कप कुणी दिला नव्हता. मग गुण फुलाचा की रोज दहा मिनिटं स्वस्थ बसून काही गरम प्यायल्याचा? या प्रयोगांतून ते वेगळं करता येत नाही. माझ्या मते, तसं असेल तर कमरीपेठेतला धने-जिऱ्याचा काढा परदेशी फुलांच्या पाकिटापेक्षा रतीभरही कमी नाही, आणि स्वस्त तर आहेच. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची खोड अजून काही घरांत टिकून आहे. तिथे काढ्यावाटे पोटात जाणारं पाणी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल.

केशराचं प्रकरण जरा वजनदार आहे. इराणमध्ये सौम्य नैराश्य असलेल्या 60 स्तनदा मातांना 15 मिलिग्रॅम केशर दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिलं गेलं. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी होती. 2017 मध्ये आलेल्या निकालात केशर घेणाऱ्यांची उदासी स्पष्टपणे अधिक उतरली. पण 30 मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या पंधरा-एक काड्या. आपण दुधावर शोभेला दोन टाकतो! शिवाय प्रयोग लहान होता आणि माता सौम्य आजाराच्या होत्या. गंभीर नैराश्यावर केशर चालतं, असं त्यातून म्हणता येत नाही.

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडायला हवा. 1994 साली इटलीतल्या डॉक्टरांनी दोन तान्ह्या बाळांची हकिगत नोंदवली. एक 15 दिवसांचं, दुसरं 20 दिवसांचं. दोघंही मलूल आणि ढिली पडलेली, दूध ओढेनात, उलट्या होत होत्या. संसर्ग सापडेना. चौकशीत कळलं की दोघांच्या आया दूध वाढावं म्हणून ज्येष्ठमध, बडीशेप, बडीशेपेसारखीच अ‍ॅनिस आणि गोट्स रू या वनस्पतींचा चहा दिवसाला दोन लिटरहून जास्त पीत होत्या. चहा बंद केला, दीड दिवस अंगावरचं पाजणं थांबवलं, बाळं सुधारली. कपभर आणि दोन लिटर यांतला फरक एवढा मोठा असतो. दशमूलारिष्ट तर आंबवून करतात, त्यामुळे त्यात आपसूक तयार झालेला 5 ते 10 टक्के मद्यार्क असतो. दोन चमच्यांनी काही बिघडत नाही, पण अंदाजाने बाटली तोंडाला लावायची ती वस्तू नव्हे. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असलेला चहा हातीही धरू नये. दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

साध्या दुधाच्या चहाचंही एक सांगायचं राहिलं. त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. बाळंतिणीने 180 दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. रक्त कमी असलं की थकवा आणि उदासी एकमेकींत मिसळून जातात. गोळी आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवलं, तर बऱ्याच महागड्या पाकिटांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता दोन आठवड्यांत न ओसरणाऱ्या उदासीकडे येऊ. भारतातल्या 38 अभ्यासांतल्या वीस हजारांवर मातांची आकडेवारी 2017 मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. हुबळीपासून घाट उतरला की गोवा. तिथे मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही वाचण्याजोगा आहे. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्यात होत्या. त्यांतल्या 78 टक्के गरोदरपणातच त्रासात होत्या, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणं होती गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, उपासमार आणि मुलगी झाल्याचं दुःख. यांतल्या कशावर सुंठ चालणार?

त्याच गोव्यात ‘संगत’ संस्थेने वेगळा उपाय तपासला. गावातल्याच, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्यातल्या गरोदर बायकांकडे पाठवलं. त्या गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत येत-जात, बोलत, घरच्यांनाही बोलतं करत. 280 स्त्रियांवरच्या या चाचणीचा निकाल 2019 मध्ये आला. सहा महिन्यांनी सखी मिळालेल्यांपैकी 73 टक्के नैराश्यातून बाहेर होत्या, इतरांपैकी 60 टक्के. फरक माफक आहे, पण तो चौथ्या आठवड्यात विरून गेलेला नाही.

कमरीपेठेत सखी नाही, पण आशा कार्यकर्ती आहे. रुग्णालयात बाळंतपण झालं तर तिने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यावं, असा सरकारी नियम आहे. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते. 14 व्या दिवसापासून तिने आईला दोनच प्रश्न विचारावेत: हल्ली सतत उदास, हताश वाटतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागत नाही का? ते विचारायला घरच्यांनीही आशाची वाट बघू नये. उत्तर ‘हो’ आलं तर काढा चालू ठेवायला हरकत नाही, पण डॉक्टर गाठावा. किम्स म्हणून ओळखलं जाणारं सरकारी रुग्णालय शहरातच आहे आणि 1845 पासून मनोरुग्णांची सेवा करणारी डिमहान्स ही संस्था शेजारच्या धारवाडला, हुबळीहून चिगरी बसने जाता येतं तिथे. हजारी एक-दोन मातांना पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडून भ्रम होऊ लागतात, त्या असंबद्ध बोलू लागतात. अशा वेळी एक दिवसही थांबू नये. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला एकटं सोडू नये आणि लगेच रुग्णालयात न्यावं. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे कानडीत बोलता येतं तसं मराठीतही.