छातीचे ऑपरेशन, आखडलेला हात आणि गळाची काठी

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेली बाई वस्तीत पुष्कळदा तिच्या हातावरून ओळखू येते. त्या बाजूचा पदर घट्ट ओढलेला, हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला. टाके सुकतात, वर्ष उलटते, हात मात्र तिथेच. मग खांदा आखडतो. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा निघत नाही. दवाखान्यात सांगितलेले 'हाताला जपा' एवढे लक्षात राहते आणि जपणे म्हणजे न हलवणे, असे घरचेही धरून चालतात.

अशा हातासाठी अमेरिकेतल्या बायकांनी एक वेगळाच मार्ग धरला, मासेमारी शिकण्याचा. १९९६ साली व्हर्मॉन्ट राज्यात 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था निघाली. ती काढणाऱ्यांत एक स्तनाची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती आणि एक फ्लाय फिशिंगमधली जाणकार बाई. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना ही संस्था दोन-अडीच दिवस नदीकाठी नेते. एका शिबिरात साधारण १४ जणी, खर्च संस्थेचा. पन्नाशी-साठीच्या बायका आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात धरतात. जेवताना आणि रात्री बसून मनातले बोलतात, तेही औषधच.

आपल्याकडच्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी असते आणि शिशाचे वजन असते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजनच नाही, म्हणून तो फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड दोरी. सुमारे नऊ फुटांची, हलकी, लवचीक काठी मागे न्यायची, दोरी मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे आणून थांबवायची. नवशिक्याचे चुकते ते याच थांबण्यात. जोर लावला की दोरी पायाशी गोळा होते. ताकदीपेक्षा इथे ताल लागतो, म्हणून उशिरा शिकणाऱ्याचे काही अडत नाही. आणि सुरुवात पाण्यात नाही, गवतावर होते. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून.

डॉक्टरांना यात रस का? ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फ ग्रंथी काढल्या किंवा तिथे शेक दिला, तर हातातला पाण्यासारखा द्रव वर सरकायची वाट अरुंद होते. तो साचला की हात सुजतो. स्नायू हळूहळू आवळले-सुटले की द्रव पुढे ढकलला जातो. काठी मागे-पुढे नेताना हेच होते, खांदाही ताणला जातो. पूर्वी अशा बायकांना हाताची मेहनत पूर्ण बंद सांगत. त्याच १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी असे ऑपरेशन झालेल्या २४ बायकांना लांब होडी वल्हवायला शिकवले. कुणाच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. तेव्हापासून जुना समज ढिला झाला.

आता पहिल्या शिलाचा प्रश्न. तिकडे मासा पकडून परत पाण्यात सोडतात. तरी गळ तोंडात रुततोच, त्याला करमणूक म्हणणे मला पटत नाही. शिवाय काश्मीर-हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर हा खेळ चालतो, तो पैसेवाल्यांचा. पण हाताचा फायदा गवतावरच्या सरावात पुरता मिळतो. तिथे गळ नाही, मासा नाही.

तो सराव विहाराच्या अंगणातही होईल. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हलकी वेताची काठी घ्या, टोकाला लोकरीचा लांब धागा बांधा. कोपर अंगाजवळ ठेवून काठी मागे, थांबा, पुढे. आधी पाच वेळा, जमेल तसे वाढवा. त्याआधी भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढा आणि कुठवर पोचलात तिथे खडूने खूण करा. रोज एखादे बोट वर गेले तरी पुष्कळ. ताण जाणवला तर हरकत नाही, दुखले तर थांबा. रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळातल्या दोघी-तिघी सोबत उभ्या राहिल्या तर ती बाई पदर सैल सोडेल, एरवी नाही.

त्या हाताला चटके, सुरीचे काप, मासे साफ करताना टोचणारे काटे यांपासून सांभाळा. लागले तर साबणाने धुऊन मलम लावा. बांगडी घट्ट होऊ लागली, हात जड वाटला तर त्याच आठवड्यात दाखवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. ऑपरेशनचे कागद घेऊन सकाळच्या ओपीडीला जा. दोन वर्षे उलटली असली तरी जा.