वाळवंटाचा हमाल, काळ्या चिखलात

मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूरचा किल्ला आहे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारे बरेच जण तो पाहून येतात. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी इथेच, ब्रह्मपुरीला होती. एवढ्या मोठ्या छावणीचे तंबू, धान्य आणि दारूगोळा हलवायला हत्ती, बैल आणि उंट लागत. उत्तरेतून आलेल्या मोगली फौजेचा उंटावर मोठा भरवसा होता, आणि तो अनाठायी नव्हता.

उंटाच्या मदारीत पाणी साठवलेले असते, हा समज अजून पुरता गेलेला नाही. मदारीत असते ती चरबी. पाण्याची खरी बचत बाकीच्या शरीरात होते. माणसाचा ताप दोन अंशांनी वाढला की आपण डॉक्टर गाठतो. तहानलेल्या उंटाचे तापमान मात्र पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० च्या वर जाते. तोपर्यंत तो फारसा घाम गाळत नाही, म्हणजेच पाणी वाचवतो. नट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सहारात उंटांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. शरीरातले पाणी वजनाच्या दहा-बारा टक्क्यांनी घटले की माणसाच्या जिवावर बेतते; उंट पंचवीस टक्के घट सोसतो. पुढे पाणी मिळाले की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन टाकतो. त्याच्या लाल रक्तपेशी लंबगोल असून खूप फुगल्या तरी फुटत नाहीत, म्हणून हे पिणे त्याला बाधत नाही.

पाठीवर दीड-दोन क्विंटल ओझे आणि वाटेत काटेरी झुडपांचा चारा. कोरड्या मुलखातल्या सेनापतीला आणखी काय हवे? पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत अब्दालीने उंटांच्या पाठीवर हलक्या तोफा चढवून आणल्या होत्या. मराठ्यांकडेही तातडीचे खलिते घेऊन सांडणीस्वार दौडत. विसाव्या शतकात बिकानेरच्या गंगा रिसाल्याचे उंट सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तपर्यंत गेले. सीमा सुरक्षा दलाचे जवान राजस्थानच्या सीमेवर आजही उंटावरून गस्त घालतात.

मग सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात उंटाचे काय बिघडणार? अडचण पावसाच्या आकड्यात नाही, मातीत आहे. उंटाला खूर नसतात, पसरट मऊ तळवा असतो. वाळूत तो पसरतो, त्यामुळे पाय रुतत नाही. पण आपली काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि निसरडी होते. बैलाचा खूर तिच्यात निदान रुतून पकड घेतो. उंटाचा सपाट तळवा सरळ घसरतो. लांब पाय दोन्हीकडे फाकतात आणि ओझ्यासकट पडलेल्या उंटाला पुन्हा उभे करणे कठीण होऊन बसते.

१७०० साली सातारा आणि परळी घेऊन मोगली फौज भर पावसाळ्यात परत फिरली. चिखल आणि फुगलेले ओढे यांत तिची भारवाहू जनावरे मोठ्या संख्येने मेली. परळीहून भूषणगड सुमारे सत्तर किलोमीटर, पण तिथे पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला. पुढे सांगोल्याकडे माण नदीकाठी खवासपूरला तळ पडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री पूर आला आणि तळ वाहून गेला. त्या गडबडीत घसरून बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला.

ओल्या हवेत उंटाचा आणखी एक वैरी असतो, गोमाशी. ती एका जनावराला चावून दुसऱ्याला चावते आणि ‘सर्रा’ या रोगाचे परजीवी रक्तात सोडते. ताप येत-जात राहतो, रक्त कमी होते, मदार ओसरते. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे आजारी घोडे आणि उंटांच्या रक्तात हे जंतू ओळखले. त्याच सुमारास दुसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांचे पन्नास हजारांहून अधिक उंट मेले. रोग, उपासमार, अतिओझे आणि मैदानी उंटांना डोंगरी थंडीत नेणे, सगळेच त्यांना भोवले. उंट काहीही सोसतो, ही समजूत फौजांना महागात पडली.

सर्रा उंटापुरता नाही. घोडे, गाई-म्हशी, कुत्रे यांनाही तो होतो. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन हे परजीवी मारून टाकते, म्हणून आपण सहसा सुटतो. पण २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने अधूनमधून ताप येत राहिला आणि रक्तात हेच परजीवी सापडले. त्याच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नव्हते, हे पुढच्या तपासात कळले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पावसाळ्यात जनावराचा ताप उतरून पुन्हा चढत असेल, ते खंगत चालले असेल, तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घेतले की सर्रा ओळखता येतो, आणि त्यावर औषधही आहे.