संगणकाचा वेग : एक गैरसमज आणि वस्तुस्थिती

आष्टीपासून परळीपर्यंत बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या कामकाजात संगणकाने स्थान मिळविले आहे. साहजिकच तो मंदावला, की नमुना ८ च्या उताऱ्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला ताटकळावे लागते. अशा वेळी एक उपाय हमखास सुचविला जातो. विंडोज कार्यप्रणालीत ‘एमएसकॉन्फिग’ हा आदेश द्यावा, ‘बूट’ विभागातील प्रगत पर्याय उघडावेत आणि प्रोसेसरची संख्या व कमाल मेमरी यांपुढे खूण करून सर्वांत मोठा आकडा निवडावा. म्हणजे संगणक वेगवान होतो, असे सांगितले जाते. हा समज निराधार आहे.

हे पर्याय वेग वाढविण्यासाठी नसून दोष शोधण्यासाठी आहेत. एखादी आज्ञावली कमी मेमरीत किंवा एकाच प्रोसेसरवर नीट चालते की नाही, हे तपासताना तंत्रज्ञ या पर्यायांद्वारे संगणकाची क्षमता मुद्दाम सीमित करतात. विंडोज ९८ मध्ये मेमरीच्या पर्यायाचे नावच ‘मर्यादा घाला’ अशा अर्थाचे होते. पुढे त्या जागी ‘कमाल मेमरी’ हे शब्द आले आणि गैरसमजास वाव मिळाला.

खूण केलेली नसताना विंडोज उपलब्ध असलेले सर्व प्रोसेसर आणि वापरता येण्याजोगी सर्व मेमरी आपण होऊन वापरते. माजलगाव धरणाच्या कालव्याचा दरवाजा खाली ओढला तर पाणी कमी येईल. पण आधीच पूर्ण उघडलेला दरवाजा आणखी उघडून धरणातील साठा वाढणार नाही. तसेच हे आहे.

यात हानीही संभवते. ४ जीबीची मर्यादा घातलेल्या संगणकात पुढे ८ जीबी मेमरी बसविली, तरी जुनी मर्यादा कायम राहते आणि त्यावर झालेला खर्च वाया जातो. या उपायानंतर काही काळ वेग वाढल्यासारखा वाटतो, त्याचे कारण निराळे आहे. बदल लागू होण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो; त्यामुळे साचलेल्या आज्ञावली बंद होतात आणि मेमरी मोकळी होते.

तेव्हा अशा खुणा केलेल्या असल्यास त्या काढून संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणावर भार आहे, हे तेथे दिसते. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावली बंद कराव्यात आणि डिस्कवर पुरेशी जागा राखावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास बहुधा लक्षणीय फरक पडतो.

कोणताही पर्याय बदलण्यापूर्वी मूळ स्थितीची नोंद वहीत करून ठेवावी. कारण शोधल्यावाचून केलेला उपाय हा बहुधा नव्या अडचणीचा आरंभ ठरतो आणि तिचा भार अखेर दारी आलेल्या ग्रामस्थावरच पडतो.