थरथर पुन्हा का येते?

घरातला छताचा पंखा डुलू लागला की आपण रेग्युलेटर एक घर मागे फिरवतो. पंखा शांत होतो आणि आपणही. पण दोष गेलेला नसतो. एखादे पाते वाकलेले असते किंवा वरचा बोल्ट सैल असतो. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांचेही असेच होते. तिथे किंमत मात्र फार मोठी द्यावी लागते.

फिरणाऱ्या चाकाचे वजन सगळीकडे सारखे वाटलेले असेल तर ते शांतपणे फिरते. एका बाजूला थोडे जरी जास्त झाले, तरी ते चाकाला आपल्याकडे ओढते. समजा, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅम वजन जास्त आहे. चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर ही ओढ सुमारे साडेसात किलो वजनाइतकी होते. ३००० फेरे घेत असेल तर सुमारे ३० किलो! वेग दुप्पट, तर ओढ चौपट. ती सेकंदाला ५० वेळा भोवती फिरत बेअरिंगला हादरे देत राहते.

यावरचा उपाय म्हणजे बॅलन्सिंग. जड बाजूच्या समोर हिशेबाने वजन बसवायचे. पण वजन बसवले, यंत्र शांत झाले आणि महिन्याभरात थरथर परत आली, तर काय समजायचे?

साखर कारखान्यात बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा असतो. कामगार त्याला आयडी फॅन म्हणतात. बगॅसची राख त्याच्या पात्यांवर सतत आदळते. कुठे पाते झिजते, कुठे राखेचा थर बसतो आणि तोल जातो. पाती साफ न करताच वजन जोडले तर चार दिवस बरे जातात. मग राखेचा एक पोपडा सुटून पडतो, आणि काल औषध म्हणून लावलेले वजनच आज रोग होऊन बसते. म्हणून आधी साफसफाई, मग झिजेची पाहणी आणि शेवटी बॅलन्सिंग. एवढे करूनही राख येतच असेल, तर दोष पंख्यात नाही. धुरातली राख अडवणाऱ्या यंत्रणेत तो शोधायला हवा.

प्रत्येक थरथर तोल गेल्यामुळेच असते असेही नाही. तंत्रज्ञ बेअरिंगच्या घरावर सेन्सर लावून आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेची अशी तिन्ही कंपने मोजतात. मी कविता लिहिणारा माणूस. मला हे मात्रा मोजण्यासारखे वाटते. एका फेरीला एकच ठोका ठळक असेल, तर तोल गेल्याचा संशय घ्यावा. फेरीला दोन ठोके आणि शाफ्टच्या दिशेने धक्के असतील, तर मोटर आणि यंत्र एका रेषेत नसावेत. ठोक्यांची गर्दी असेल, तर काहीतरी सैल आहे. फार बारीक, वेगवान कंप असेल तर बेअरिंगकडे पाहावे.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. वाकलेला शाफ्टही फेरीला एकच ठोका देतो. म्हणून आणखी प्रश्न विचारावे लागतात. यंत्र थंड असताना ठीक आणि तापल्यावर थरथरते का? तसे असेल तर उष्णतेने रेषा बिघडत असेल. वेग थोडा बदलताच थरथर एकदम कमी होते का? मग झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा तसा यंत्राचा वेग आणि पायाचे स्वतःचे कंपन जुळत असेल. एक फाउंडेशन बोल्ट सैल केल्यावर थरथर घटते का? मग मोटरीचा तो पाय नीट टेकलेलाच नाही. बोल्ट आवळून आपण मोटरीचा सांगाडाच पिळत होतो.

या प्रश्नांकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे रशियात दिसले. सायबेरियातल्या येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. तिथल्या दोन क्रमांकाच्या टर्बाइनची २००९ च्या सुरुवातीलाच दुरुस्ती झाली होती. तरीही कंपने वाढत गेली. विजेच्या मागणीप्रमाणे हे टर्बाइन पुन्हा पुन्हा अशा भारातून नेले जाई, की जिथे पाण्याचा प्रवाहच त्याला हादरवत असे. १७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी झाकण उखडले गेले, शेकडो टनांचा फिरता भाग वर फेकला गेला आणि यंत्रगृहात पाणी घुसले. ७५ माणसे गेली. चौकशी अहवालानुसार, अपघातापूर्वी कंपन ८४० मायक्रॉनवर पोहोचले होते. मर्यादा होती १६० ची. झाकण धरणाऱ्या बोल्टांपैकी तपासलेल्या ४९ मध्ये ४१ बोल्टांना थकव्याच्या भेगा आढळल्या. लोखंडही थकते, आणि सतत बसणारे हादरेच त्याला थकवतात.

म्हणून यंत्राशेजारी एक वही असावी. कंपन किती होते, कोणत्या वेगाला आणि भाराला होते, काय दुरुस्त केले, वजन कुठे आणि किती लावले, हे तारखेसह लिहावे. तिसऱ्यांदा वजन लावायची वेळ आली तर वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी ती वही उघडावी. आणि यंत्राजवळ रोज उभा राहणारा फिटर ‘आज आवाज वेगळा येतोय’ असे म्हणाला, तर यंत्र थांबवून पाहण्याचा अधिकार त्याला असावा. यंत्र थांबले तर काही तासांचे उत्पादन बुडते. ते भरून काढता येते.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)