बोलता येतं ना, मग डिग्री कशाला?

बारावीनंतर घरातली मुलगी म्हणाली, ‘मला जर्मन घेऊन बी. ए. करायचंय’, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले नेहमीचे पाच सल्ले जरा तपासून पाहू.

गैरसमज : क्लास लावला काय, विद्यापीठात गेलं काय, सारखंच.
वस्तुस्थिती : क्लासमध्ये भाषा शिकवतात. युरोपीय भाषांच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्या भाषा किती वापरता येते एवढंच मोजतात. पदवीला भाषेसोबत त्या समाजाचं साहित्य, इतिहास, भाषाविज्ञान, अनुवाद हेही असतं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे सर्टिफिकेट-डिप्लोमा अभ्यासक्रम चालतात आणि एम. ए.ही होतं. सर्टिफिकेट झालं म्हणजे पदवीचा अभ्यास झाला, असं मात्र नाही.

गैरसमज : इंग्रजी पक्कं नसेल तर परकीय भाषेच्या वाटेला जाऊ नये.
वस्तुस्थिती : पुष्कळदा मराठीच जास्त उपयोगी पडते. जपानीत ‘पुने नि इकिमासु’ म्हणजे ‘पुण्याला जातो’. ‘पुने’ला चिकटलेला ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’. क्रियापद शेवटी, आणि ‘मी’ म्हणायची गरज दोन्हीकडे नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं करून घ्यावं लागतं.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, हे ऐकून हिंदी भाषक दचकतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. जर्मनमध्ये ‘मेड्शन’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. कारण ‘-शन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. यात हसण्यासारखं काही नाही. ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते पाखरू : आपणही इवल्या जिवांना ‘ते’च म्हणतो. अर्थात पाठांतर सुटत नाही. जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी.

गैरसमज : जेएलपीटी पास म्हणजे जपानी बोलता आलंच.
वस्तुस्थिती : एन५ ते एन१ अशा पाच पातळ्यांच्या या परीक्षेत शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. उत्तरं पर्यायांतून निवडायची. बोलण्याची परीक्षा कोणत्याच पातळीला नाही.

गैरसमज : आता मोबाईलच भाषांतर करतो.
वस्तुस्थिती : शब्दांचं करतो, आणि बरंच चांगलं करतो. पण वर्गणी मागायला आलेल्यांना आपण ‘बघू’ म्हणतो, त्याचा अर्थ काय? जपानी ग्राहक ‘चोत्तो मुझुकाशिई’, म्हणजे ‘जरा अवघड आहे’, म्हणाला, तर बहुतेक वेळा तो नकार असतो. भाषांतर अचूक असूनही आपला इंजिनिअर अडचण सोडवायला बसतो आणि उत्तराची वाट पाहत राहतो. संस्कृतीचा अभ्यास म्हणजे नुसते सण, पोशाख आणि खाद्यपदार्थ नव्हेत. कोण कोणाला, कधी, काय थेट सांगत नाही, हे ओळखणं हाही त्या अभ्यासाचाच भाग.

गैरसमज : दुसऱ्यांची भाषा शिकून आपल्या भाषेला काय मिळणार?
वस्तुस्थिती : गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तिथल्या दफ्तरखान्यातले पोर्तुगीज कागद वाचले, आणि मराठ्यांच्या इतिहासाची मराठी कागदांत न दिसणारी बाजू पुढे आली. ती भाषा येत नसती, तर आपलाच इतिहास आपल्याला परक्यासारखा बंद राहिला असता. गोवा विद्यापीठात आजही पोर्तुगीज शिकवतात. रोजच्या बोलण्यात तर ती कधीच येऊन बसली आहे. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द तिकडूनच आले.

तेव्हा सल्ला द्यायचाच असेल, तर एवढाच द्यावा : प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम मागून घे, भाषेचे पेपर किती, साहित्य, इतिहास आणि अनुवादाचे किती, ते मोज. आणि मराठीची पुस्तकं रद्दीत घालू नकोस. लागतील.